शिक्षणाचा पाव डॉलर

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात लॉटरीचं एक डॉलरचं तिकीट विकलं की त्यातले साठ-पासष्ट सेंट बक्षिसांच्या रूपानं खेळणाऱ्यांकडे परत जातात. पाव डॉलरच्या आसपास शिक्षणाला मिळतो, सहाएक सेंट दुकानदाराच्या पदरात पडतात आणि उरलेल्यात छपाई, यंत्रं, जाहिराती, पगार भागतात. हा हिशेब मला तोंडपाठ आहे, कारण मेकन शहराच्या कडेला आमचं गॅस स्टेशन होतं आणि त्याला जोडलेल्या दुकानात मी वीसेक वर्षं ही तिकिटं विकली. नवरा पंप आणि मालाची बाजू सांभाळायचा, काउंटर माझ्याकडे. दूध, ब्रेड, कॉफी, सिगरेट आणि लॉटरी. दुकान विकून आता बरीच वर्षं झाली, तरी कुणी 'लॉटरी चांगली की वाईट' असं विचारलं तर मला झटकन उत्तर देता येत नाही. या कामानं एक गोष्ट मात्र पक्की शिकवली. शिक्षणाचा पैसा कुठून येतो आणि कुणाकडे जातो, हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारायला हवेत. एकच विचारला तर चित्र अर्धं राहतं.

मी मूळची सांगली जिल्ह्यातली. माझे वडील, अण्णा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. महाराष्ट्र राज्य लॉटरी 1969 साली सुरू झाली. माझ्या लहानपणी एसटी स्टँडवर दोरीला चिमट्यांनी टांगलेली तिची तिकिटं दिसायची. मटक्यापेक्षा ही बरी, सरकारच्या तिजोरीत तरी भर पडते, असं लोक म्हणायचे. अण्णांच्या लेखी तो जुगारच होता. त्यामुळे 1998 साली आम्ही दुकान घेतोय आणि त्यात लॉटरीचं यंत्र आहे, हे त्यांना फोनवर सांगणं मला जड गेलं. "इथं त्या पैशातून पोरं शिकतात म्हणे," मी म्हटलं. अण्णा जरा थांबून म्हणाले, "कुणाची पोरं, ते बघ." तेव्हा मला ते नुसतं नापसंतीचं बोलणं वाटलं. त्यातला प्रश्न समजायला बरीच वर्षं जावी लागली.

दुकानदाराला आधी लॉटरी कॉर्पोरेशनकडून परवाना घ्यावा लागतो. यंत्र कसं चालवायचं ते शिकवतात, पण माझ्या मनावर ठसला तो त्याच्याआधीचा नियम. तिकीट विकल्यावर गल्ल्यात येणारा पैसा आपला नसतो. कायद्याच्या भाषेत तो विश्वस्त म्हणून सांभाळलेला पैसा असतो. त्यासाठी वेगळं बँक खातं ठेवायचं आणि आठवड्यातून एकदा कॉर्पोरेशन त्या खात्यातून आपली रक्कम परस्पर काढून घेतं. खात्यात पैसे नसले तर दंड होतो, पुढं परवानाही जातो. नव्यानं धंद्यात आलेले काही दुकानदार ही रोकड मालाच्या बिलासाठी फिरवायचे आणि गोत्यात यायचे. आम्ही पहिल्या दिवसापासून दोन गल्ले ठेवले. रात्री दुकान बंद करताना लॉटरीचा गल्ला मोजला, की त्यातला एक भाग उद्या कुठल्या तरी वर्गात पोचणार आहे, हे मनात यायचं. तो पैसा मोजताना मला कधी कंटाळा आला नाही.

खरवडून बघायची तिकिटं गठ्ठ्यानं येतात. गठ्ठा यंत्राला दाखवून चालू केल्याशिवाय त्यातलं तिकीट बक्षीस देत नाही, म्हणून बंद गठ्ठा चोरून फायदा नाही. काउंटरवर प्लास्टिकचे खण, प्रत्येक खणाला नंबर. गिऱ्हाईक म्हणायचं, "चौदा नंबरची दोन." सहाशे डॉलरपर्यंतचं बक्षीस दुकानातच देता येतं, त्याहून मोठं असेल तर लॉटरीच्या कार्यालयात जावं लागतं. काही ठिकाणी दुकानदार गिऱ्हाइकाचं जिंकलेलं तिकीट 'काही लागलं नाही' म्हणून ठेवून घेतात, अशा तक्रारी यायच्या. म्हणून मी प्रत्येकाला आधी तिकिटाच्या पाठीवर सही करायला सांगायचे आणि मग बाहेरच्या तपासणी यंत्रावर स्वतः लावून बघायला. सुरुवातीला लोकांना ते विचित्र वाटायचं. पण ज्या दुकानात पैशांवर भरवसा ठेवता येतो तिथं माणसं इतर गोष्टीही बोलायला लागतात. पुढं मला जे काही कळलं ते या बोलण्यातून.

ही लॉटरी आली ती गव्हर्नर झेल मिलर यांच्यामुळे. उत्तर जॉर्जियाच्या डोंगरातल्या यंग हॅरिस गावचा हा माणूस. वडील तान्हेपणीच गेले, आईनं वाढवलं. 1990 ची निवडणूक त्यांनी लॉटरीच्या मुद्द्यावर लढवली आणि जिंकली. चर्चचा विरोध मोठा होता. नोव्हेंबर 1992 मध्ये त्यासाठीची घटनादुरुस्ती मतदारांपुढं आली तेव्हा ती थोडक्या फरकानं मंजूर झाली आणि 29 जून 1993 ला पहिली तिकिटं विकली गेली. मिलर यांनी इतर राज्यांचं काय झालं ते पाहिलं होतं. काही ठिकाणी लॉटरीचा पैसा शाळांच्या नावानं यायचा, पण सरकार शाळांवरचा आपला नेहमीचा खर्च तेवढाच कमी करायचं. शाळांच्या हातात नवं काहीच पडायचं नाही. म्हणून जॉर्जियात कायद्यातच लिहून घेतलं की हा पैसा आधीच्या खर्चात भर घालेल, त्याची जागा घेणार नाही. पैसा कशावर खर्च करायचा तेही बांधून दिलं. त्यातली दोन कामं मुख्य ठरली. अभ्यासात चांगल्या असलेल्या मुलांना राज्यातल्या कॉलेजसाठी होप शिष्यवृत्ती, आणि चार वर्षांच्या मुलांसाठी मोफत प्री-के, म्हणजे बालवाडीचा वर्ग. 1995 साली हा वर्ग राज्यातल्या सगळ्या चार वर्षांच्या मुलांना खुला झाला, आईबापांचं उत्पन्न कितीही असो. असं करणारं जॉर्जिया हे अमेरिकेतलं पहिलं राज्य.

माझ्याकडे रोज येणाऱ्यांत एक कृष्णवर्णीय आजी होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांची घरं साफ करून निवृत्त झालेल्या. त्या फक्त 'कॅश थ्री' खेळायच्या. तीन आकडे निवडायचे, त्याच क्रमानं आले तर एका डॉलरला पाचशे डॉलर. हजारात एक शक्यता. त्यांचा आकडा ठरलेला होता, जुन्या घराचा नंबर. ते घर कधीच पाडलं गेलं होतं. एकदा मी त्यांना सरळ विचारलं, "रोज एक डॉलर जातो, वाईट नाही वाटत?" त्या म्हणाल्या, "रविवारी चर्चमध्ये देते ते देवाचं. इथं देते ते पोरांचं." त्यांचा पणतू त्या वर्षी प्री-केमध्ये होता. रंगांची नावं शिकून घरी यायचा आणि त्यांना दुकानात प्रत्येक वस्तूचा रंग सांगायला लावायचा. त्या वर्गाची शिक्षिकाही सकाळी कॉफीला आमच्याकडे यायची. ती म्हणायची की तिच्या वर्गात डॉक्टरची मुलगी आणि सफाई कामगाराचा मुलगा एकाच सतरंजीवर बसतात आणि वर्षाअखेर दोघांनाही आपलं नाव लिहिता येतं. जागा कमी पडतात, काही मुलं यादीत अडकून राहतात, ही तिची तक्रार होती. तरीही लॉटरीच्या पैशाचं सगळ्यात न्याय्य काम मी कुठं पाहिलं असेल तर ते या वर्गात. तिथं गुण विचारत नाहीत आणि पगाराचा दाखलाही मागत नाहीत.

काउंटरमागे उभं राहिलं की महिन्याची भरती-ओहोटी कळते. शुक्रवारी पगार झाला की विक्री चढते. महिन्याच्या पहिल्या तारखांना पेन्शन आणि सरकारी मदत जमा होते, तेव्हा तर रांग लागते. दोन, पाच, दहा, वीस डॉलरची खरवडायची तिकिटं. लॉटरीचा मोठा गल्ला या तिकिटांवरच उभा आहे, टीव्हीवर गाजणाऱ्या जॅकपॉटवर नाही. जॅकपॉट वाढला की वेगळीच माणसं यायची. 17 डिसेंबर 2013 च्या मेगा मिलियन्सची रक्कम साडेसहाशे दशलक्ष डॉलरच्या घरात गेली होती. जिंकणाऱ्या दोन तिकिटांपैकी एक अटलांटात विकलं गेलं, दुसरं कॅलिफोर्नियात सॅन होजेला. जानेवारी 2016 मध्ये पॉवरबॉल दीड अब्जाच्या वर गेला तेव्हा वकील, बँकेतले अधिकारी, कधी दुकानात न शिरलेल्या शेजारच्या वसाहतीतल्या बायका, सगळे रांगेत होते. जिंकायची शक्यता सुमारे 29 कोटींत एक. सोडत झाली की दुसऱ्या दिवसापासून ही मंडळी दिसेनाशी व्हायची. उरायचे ते नेहमीचे. पांढऱ्या चिकणमातीच्या खाणीतले कामगार, रात्रपाळी करून येणारे गोदामातले लोक, वृद्धाश्रमातल्या मदतनीस बायका. शिक्षणाचा तो पाव डॉलर वर्षभर नेमानं भरत होते ते हे लोक. उत्पन्नाच्या मानानं पाहिलं तर कमी कमावणारी माणसं लॉटरीवर जास्त खर्च करतात, आणि होपचा मोठा वाटा सुस्थितीतल्या घरांकडे जातो, हे जॉर्जियातल्या अभ्यासकांनी आकडेवारीनिशी मांडलं आहे. मला ते वाचण्याआधी माझ्या काउंटरवर दिसलं होतं.

आणि मग ते माझ्या घरातही दिसलं. 2008 साली आमची मोठी मुलगी अथेन्सला जॉर्जिया विद्यापीठात गेली. होप शिष्यवृत्तीनं तिचं सगळं शिक्षण शुल्क भरलं, वर पुस्तकांसाठीही पैसे दिले. खाणीत काम करणारे एक गृहस्थ रोज संध्याकाळी आठवा नंबर मागायचे. त्यांनी सहज विचारलं, "मुलीच्या कॉलेजचा खर्च भारी पडत असेल ना?" मी म्हटलं, "होप मिळाली." ते म्हणाले, "म्हणजे मीच भरतोय की!" आणि मोठ्यानं हसले. मग म्हणाले, "चांगलं झालं. माझा पैसा कुठं जातो ते आज कळलं." त्यांच्या हसण्यात जरासुद्धा कडवटपणा नव्हता, म्हणूनच मला ते फार लागलं. त्यांच्या मुलाची सरासरी चारपैकी 3.0 च्या खाली होती, त्याला होप मिळाली नव्हती. तो त्याच खाणीत लागला होता. दोघंही मुलं हुशार होती. पण आमच्या मुलीला शांत खोली, शिकलेले आईबाप आणि शनिवारची गणिताची शिकवणी मिळाली होती. त्या मुलाला आठवड्यातले चार दिवस शाळा सुटल्यावर काम करावं लागत होतं. गुणपत्रिकेवर हे कुठं लिहिलेलं नसतं. अण्णांच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर मला त्या संध्याकाळी मिळालं.

त्यानंतर मी होपचे नियम मुळापासून वाचायला घेतले आणि बऱ्याच गोष्टी कळल्या. सुरुवातीला या शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा होती, वर्षाला 66,000 डॉलर. दुसऱ्या वर्षी ती 1 लाख झाली आणि 1995 मध्ये पार काढून टाकली. दुसरीकडे, केंद्र सरकारची गरीब मुलांसाठीची पेल ग्रँट ज्यांना मिळायची, त्यांच्या होपमधून पहिली काही वर्षं ती रक्कम वजा केली जायची. म्हणजे श्रीमंत घरच्या मुलाची पूर्ण फी होप भरायची आणि सगळ्यात गरीब मुलाच्या हातात पुस्तकांपुरते पैसे पडायचे. 2000 च्या सुमारास ही वजावट बंद झाली. होपमुळे हुशार मुलं राज्यात टिकली, राज्यातल्या विद्यापीठांचा दर्जा वाढला, हे खरंच आहे आणि त्याचं मोल मोठं आहे. पण गुणांवर आधारलेला पैसा उतारावरच्या पाण्यासारखा आधीच सखल, ओल्या जमिनीकडे धावतो. त्याला कोरड्या शेताकडे न्यायचं तर पाट मुद्दाम खणावा लागतो.

असा एक पाट आधीच खणलेला होता, फक्त माझ्या गिऱ्हाइकांना त्याचा पत्ता नव्हता. त्याचं नाव होप ग्रँट. ही शिष्यवृत्तीहून वेगळी आहे. राज्यातल्या टेक्निकल कॉलेजांत पदविका किंवा प्रमाणपत्राचा कोर्स करणाऱ्यांना ती मिळते आणि त्यासाठी शाळेतले गुण बघत नाहीत. वेल्डिंग, नर्सिंग, वातानुकूलन दुरुस्ती, केशकर्तन, असे कोर्स. शाळा अर्धवट सोडलेल्या माणसानं शालांत शिक्षणाच्या तोडीची जीईडी परीक्षा पास केली तर पुढच्या शिक्षणासाठी 500 डॉलर वेगळे मिळायचे. हा सगळा पैसा लॉटरीचाच. आमच्या गावात सेंट्रल जॉर्जिया टेक्निकल कॉलेज आहे, गाडीनं काही मिनिटांवर. मी तिथं जाऊन माहितीपत्रकांचा गठ्ठा आणला आणि आकडे भरायच्या चिठ्ठ्यांशेजारी ठेवला. कॉर्पोरेशनच्या पोस्टरवर हसऱ्या विजेत्यांचे मोठाले चेक असायचे. त्यांच्या खाली मी हाताने लिहिलं, 'या तिकिटाच्या पैशातून तुम्हीही शिकू शकता. काउंटरवर विचारा.'

विचारणाऱ्यांत पहिली होती आमच्याच दुकानात काम करणारी मुलगी. अकरावीत शाळा सुटलेली, दोन लहान मुलं, नवरा नाही. तिनं जीईडी दिली, 500 डॉलरमध्ये पुस्तकं घेतली आणि प्रॅक्टिकल नर्सिंगच्या वर्गात बसली. दिवसा कॉलेज, संध्याकाळी आमचं काउंटर. गिऱ्हाईक नसलं की मला औषधांची नावं म्हणून दाखवायची. आणि मग 2011 साल आलं. फी आणि विद्यार्थी दोन्ही वाढत गेले होते, लॉटरीचं उत्पन्न त्या वेगानं वाढलं नव्हतं. विधिमंडळानं नियम बदलले. होप शिष्यवृत्ती पूर्ण फी भरेनाशी झाली, पुस्तकांचे पैसे गेले. पूर्ण फी फक्त झेल मिलर यांच्या नावानं काढलेल्या नव्या शिष्यवृत्तीत, तिला सरासरी 3.7 आणि एसएटी परीक्षेत 1200 गुण हवेत. प्री-केचं वर्ष 180 दिवसांवरून 160 वर आणलं. आणि टेक्निकल कॉलेजातल्या होप ग्रँटसाठीही कोर्समध्ये सरासरी 3.0 राखायची अट घातली. आधी ती 2.0 होती.

दुकानातल्या त्या मुलीची सरासरी त्या सत्रात थोडी खाली गेली, कारण तिचा धाकटा मुलगा न्यूमोनियानं आजारी होता. ग्रँट थांबली. तिनं माझ्याकडे पूर्ण वेळ काम मागितलं आणि पुस्तकं कपाटात ठेवली. राज्यभरात हजारो विद्यार्थी असेच गळाले. टेक्निकल कॉलेजांची पटसंख्या इतकी घसरली की 2013 मध्ये सरकारनं अट परत 2.0 वर आणली. त्याच सुमारास नर्सिंग, ट्रक चालवणं, बालशिक्षण अशा ज्या कामांना राज्यात माणसं हवी होती, त्यांच्या कोर्सच्या उरलेल्या फीसाठी आणखी एक ग्रँट सुरू झाली. ही बातमी मी तिला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "आता मला काहीच आठवत नाही." तिला सगळं आठवत होतं. ती परत गेली, नर्स झाली, आज एका वृद्धाश्रमात काम करते. पण त्या दोन वर्षांत गळालेले सगळेच परत आले नसणार. विधिमंडळातली एक ओळ बदलली की कुणाच्या स्वयंपाकघरात काय बदलतं, ते मी जवळून पाहिलं. तेव्हापासून अर्थसंकल्पाची बातमी मी कधी वरवर वाचली नाही.

सगळ्याच आठवणी अशा उजळ नाहीत. एकदा एक बाई मुलाला कडेवर घेऊन आली आणि हळू आवाजात म्हणाली, "माझ्या नवऱ्याला तिकिटं देऊ नका." मी त्याला ओळखत होते. वीस डॉलरची तिकिटं एकामागून एक, गाडीत बसूनच खरवडायचा आणि परत यायचा. पुढच्या वेळी तो आला तेव्हा मी त्याला तिकीट नाकारलं आणि जुगाराच्या व्यसनासाठीचा मदतीचा नंबर दिला. तो रागावला आणि समोरच्या दुकानात गेला. कुणी न मागितलेल्या बक्षिसांच्या पैशातून या व्यसनावरच्या उपचाराला राज्य थोडी रक्कम देतं, पण विक्रीच्या अवाढव्य आकड्यापुढं ती फार लहान आहे. त्या कुटुंबाचं पुढं काय झालं ते मला कळलं नाही. अण्णा ज्याला जुगार म्हणत होते तो हाच होता, आणि चांगल्या कामाला पैसा जातो म्हणून त्याचं हे रूप नाहीसं होत नाही. एकीकडे प्री-केचा वर्ग, दुसरीकडे ती गाडी. दोन्हींचा पैसा माझ्या एकाच गल्ल्यात पडत होता. हे काम करायचं तर दोन्हींकडे बघत करावं लागतं.

आमचा धाकटा मुलगा कॉलेजात गेला तेव्हा आम्ही अटलांटाच्या उत्तरेकडच्या मराठी घरांत जास्त जायला लागलो. गणपतीच्या जेवणाच्या पंगतीत कुणाच्या मुलाला झेल मिलर मिळाली, कुणाचा जॉर्जिया टेकला नंबर लागला, अशा गप्पा रंगायच्या. कौतुकाच्याच गोष्टी, मुलांनी रात्री जागून मिळवलेल्या. एकदा कुणीतरी म्हणालं, "लॉटरी खेळणारे मूर्ख, ते नशिबावरचा कर भरतात." मी विचारलं, "आणि त्या करातून आपल्या मुलांची फी भरली जाते, हे माहीत आहे ना?" पंगतीत बऱ्याच जणांना खरंच माहीत नव्हतं. शिष्यवृत्ती राज्य सरकार देतं, एवढंच ठाऊक होतं. त्याच पंगतीत असेही आईबाप होते ज्यांची मुलं वर्गात पहिली येत होती, पण व्हिसावर असल्यामुळे होपसाठी पात्र नव्हती. तेही म्हणाले, हा पैसा कुठून येतो ते आम्ही कधी तपासलंच नव्हतं. त्या वर्षीपासून आमच्यातल्या काही जणांनी मेकनच्या शाळांतल्या मुलांना शनिवारी गणित शिकवायला सुरुवात केली, सरासरी 3.0 च्या खाली घुटमळणाऱ्या मुलांना. मुलांच्या फीची परतफेड म्हणून नाही. ज्या शिकवणीमुळे आपली मुलं पुढं गेली ती दुसऱ्यालाही मिळावी, एवढ्यासाठी. त्यातल्या काहींना पुढं होप मिळाली.

कायद्यात असं म्हटलं आहे की शक्य असेल तितपत विक्रीचे 35 टक्के शिक्षणाला जावेत. प्रत्यक्षात ते प्रमाण पंचविशीच्या आसपास रेंगाळतं. कॉर्पोरेशनचं म्हणणं असं की मोठी बक्षिसं ठेवली की विक्री वाढते, टक्का कमी झाला तरी एकूण रक्कम वाढते. आकडे त्यांच्या बाजूनं बोलतात. 2016 पासून शिक्षणाला दर वर्षी एक अब्ज डॉलरहून जास्त मिळत आले आहेत. 2023 मध्ये होप शिष्यवृत्ती पुन्हा सरकारी कॉलेजांची पूर्ण फी भरू लागली. प्री-केचे कापलेले दिवसही आधीच परत आले होते. पण एकूण रक्कम वाढते ती खेळणाऱ्यांच्या खिशातून, आणि ते खिसे कुणाचे हे मी पाहिलं आहे. राखीव निधीत एक अब्जाहून जास्त पैसे साठले असताना गरजेवर आधारित मोठी राज्य शिष्यवृत्ती जॉर्जियाकडे वर्षानुवर्षं नव्हती, ही गोष्ट मला पटत नाही. निधी आटला तर मुलांचं नुकसान होईल म्हणून थोडा साठा हवाच, 2011 नं ते शिकवलं. पण त्या वर्षी कात्री लागली ती शेवटी कुणाला, हेही 2011 नंच शिकवलं.

आमचं दुकान घेणारं जोडपं तरुण आहे, गुजरातेतून आलेलं. हिशेब, गठ्ठे, यंत्र, वेगळं खातं, सगळं मी त्यांना समजावून दिलं. मग टेक्निकल कॉलेजचा पत्ता आणि पत्रकं कुठून आणायची तेही. त्यातली मुलगी म्हणाली, "मावशी, हे परवान्याच्या नियमात आहे का?" नाही, नियमात नाही. पण रोज पाव डॉलर भरणाऱ्या माणसाला, त्यातून त्याचा स्वतःचा मुलगा, त्याची सून, तो स्वतःसुद्धा शिकू शकतो हे दुसरं कुणी सांगत नाही. जाहिरातीत ते नसतं आणि तिकिटावरही नसतं. सांगायला दोन मिनिटं लागतात आणि त्यावर कमिशन मिळत नाही. तरी मी तिला म्हटलं, तिकीट विकणाऱ्यानं हे काम धंद्याचाच भाग समजावा.